चेंडू सुटायच्या आधी: फुटबॉलच्या गोलरक्षकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: 1980 च्या दशकात मी गोलरक्षक होतो. खेळणं थांबल्यावर वीसेक वर्षं मुलांना गोलरक्षण शिकवलं. आता तेही सुटलंय. हल्लीचे सामने पाहताना वाटतं, आपण शिकवलेलं निम्मं तरी बाद झालं. नेमकं बदललं काय आणि टिकलं काय?

निम्मं बाद झालेलं नाही. पायांच्या कामात मात्र फार मोठा बदल झाला, आणि तो नियमांमुळे झाला. 1992 पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही. 1997 पासून सहकाऱ्याने थ्रो-इनवरून थेट दिलेला चेंडूही हातात घेता येत नाही. चेंडू हातात घेऊन चारच पावलं टाकायचा जुना नियम 2000 साली जाऊन सहा सेकंदांत चेंडू सोडायचा नियम आला. तो रेफरी क्वचितच लावत, कारण शिक्षा होती गोलच्या तोंडाशी अप्रत्यक्ष फ्री-किक. 2025-26 च्या नियमावलीत ती मुदत आठ सेकंद झाली आणि शिक्षा झाली प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. शिक्षा सौम्य झाल्यामुळे नियम आता खरोखर लावला जातो, म्हणून चेंडू पकडून पोटाशी घेऊन पडून राहण्याची जुनी सवय मुलांना लावू नका.

तुमच्या काळात बॅकपास (सहकाऱ्याने मागे गोलरक्षकाकडे दिलेला चेंडू) म्हणजे उसंत होती. आता तिथूनच चढाई सुरू होते, किंवा गोल खाल्ला जातो. शिकवताना तीन गोष्टी पक्क्या करा. बॅकपास मागणारा गोलरक्षक पोस्टच्या रेषेबाहेर, बाजूला उभा हवा; पास चुकला किंवा पायाखालून निसटला तर चेंडू कॉर्नरला जाईल, जाळ्यात नाही. दुसरं, पहिला स्पर्श अंगावर येणाऱ्या खेळाडूपासून दूर, शरीरासमोरून पलीकडच्या पायाकडे. तिसरं, दोन्ही पाय. रोजच्या सरावात 15 ते 20 मीटरचे वीस पास उजव्या पायाने आणि तीस डाव्याने (डावखुऱ्याचं उलट). 2019 पासून गोल-किक घेतल्यावर चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे असे छोटे पास सामन्यात सतत लागतात.

हातांच्या तंत्रात जवळच्या फटक्याला अडवण्याची पद्धत सुधारली. पाचेक मीटरच्या आतून फटका येणार असेल तर सूर मारायला वेळच नसतो. तिथे हात-पाय पसरून, छाती सरळ ठेवून जास्तीत जास्त जागा झाकायची, एक गुडघा खाली आणि दुसरा पाय बाहेर. डेन्मार्कचा गोलरक्षक पीटर श्मायकेल याची हात-पाय फाकून मारलेली उडी ही हँडबॉलमधली चीज. आता ती अकादमींमध्ये पद्धतशीर शिकवतात.

टिकलं ते असं: प्रतिस्पर्ध्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी गोलरक्षकाचे दोन्ही पाय जमिनीवर, शरीर स्थिर. सोव्हिएत गोलरक्षक लेव यशिनच्या काळातही हेच होतं. (बॅलन डी'ओर हा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळालेला तो आजवरचा एकमेव गोलरक्षक, 1963 साली.) बहुतेक सोपे गोल हात चुकल्याने होत नाहीत, त्या क्षणी कीपर पुढे किंवा बाजूला सरकत असतो म्हणून होतात. सरकणाऱ्या माणसाचं वजन एका पायावर असतं आणि चेंडू दुसऱ्या बाजूला गेला की पाय उचलताच येत नाही.

एक गोष्ट मात्र टाकून द्या: दमवणारा सराव. अडथळ्यावरून उडी, कोलांटी, मग सलग वीस सूर. त्यातून मूल दमतं, गोलरक्षण शिकत नाही. आठव्या सूरानंतर ते आधाराचं पाऊल न टाकता नुसतं कोसळायला लागतं आणि तीच सवय अंगात मुरते. चार ते सहा फटके, मग 45 ते 60 सेकंद विश्रांती, अशा पाच-सहा फेऱ्या पुरेशा.

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. पकड चांगली आहे, पण सूर मारायला घाबरते. पडली की कोपर किंवा बरगडीला लागतं. भीती कशी घालवावी?

भीती घालवायला जाऊ नका. कोपराला लागतंय म्हणजे तिची भीती रास्त आहे. पडायची पद्धत चुकते आहे. ती सुधारली की भीती आपोआप मागे पडते.

सूर उभ्याने शिकवायला सुरुवात करायची नसते. जमिनीपासून वर यायचं. आधी पाय लांब करून बसवा आणि एक मीटरवरून चेंडू हाताने तिच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर टाका. ती चेंडू धरून कुशीवर पडेल. दोन्ही बाजूंना सहा-सहा वेळा. मग गुडघ्यांवर, मग उकिडवं बसून, मग उभ्याने जागेवरून आणि सर्वांत शेवटी एक पाऊल टाकून. प्रत्येक टप्पा दोन-तीन दिवस चालू द्या. उकिडव्या अवस्थेत अडखळली तर पुन्हा गुडघ्यांवर आणा, यात कमीपणा नाही.

जमिनीला काय लागतं याचा क्रम महत्त्वाचा. आधी पोटरीची बाहेरची बाजू, मग मांडी, नितंबाची कड, शेवटी दंड आणि खांद्याची मागची बाजू. चेंडू दोन्ही हातांत शरीरापुढे असतो. खालचा हात चेंडूच्या मागे, वरचा हात चेंडूवर, आणि जमीन हा तिसरा हात. कोपर बरगडीखाली सापडतं, कारण हात चेंडूकडे न जाता शरीरासोबत खाली येतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे चेंडू थोडा पुढे टाका, म्हणजे तिला हात लांबवावेच लागतील. पोटावर पालथी पडत असेल तर ती चेंडूकडे तोंड न करता जमिनीकडे पाहते आहे.

पाऊल टाकायला लागली की ते चेंडूच्या बाजूच्या पायाने आणि तिरकं पुढे पडतंय का पाहा, साधारण 45 अंशांत. पाऊल नुसतं बाजूला किंवा मागे पडलं तर शरीर गोलरेषेकडे पडतं आणि हाताला लागलेला चेंडूही आत जातो.

जागा गवताची किंवा जाड मॅटची हवी. कडक जमिनीवर शिकवू नका. नितंबांवर पातळ गादी असलेली कीपरची पँट चालेल. चेंडू साइज 4, आणि सुरुवातीला हवा थोडी कमी. गोलही वयाला शोभेल असा हवा. मोठ्यांचा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. इंग्लंडमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी 4.88 बाय 2.13 मीटरचा वापरतात. मोठ्या गोलमध्ये उभं केलेलं मूल डोक्यावरून जाणारे चेंडू पाहतं आणि स्वतःला दोष देतं. हलवता येणारा गोल असेल तर तो जमिनीत खुंटे ठोकून किंवा मागच्या दांड्यावर वजन ठेवून पक्का केल्याशिवाय सराव सुरूच करू नका, आणि क्रॉसबारला कुणी लटकणार नाही याकडे लक्ष ठेवा. गोल उलटून मुलं दगावली आहेत.

प्रश्न: 'कोन कमी कर' असं प्रशिक्षक सतत ओरडतात. किती पुढे यायचं ते कुणी सांगत नाही.

दोन लांब दोऱ्या घ्या. एकेक टोक दोन्ही पोस्टच्या पायथ्याशी बांधा आणि दुसरी टोकं चेंडूपाशी एकत्र आणा. चेंडू आणि गोल यांच्यामध्ये जो त्रिकोण झाला, तेवढंच तुम्हाला झाकायचंय. आता त्यात उभं राहून मागे-पुढे चाला. चेंडू पेनल्टीच्या ठिपक्यावर, म्हणजे 11 मीटरवर असेल आणि तुम्ही रेषेपासून एक मीटर पुढे असाल, तर दोऱ्यांमधलं अंतर सुमारे 6.65 मीटर भरतं. तीन मीटर पुढे आलात तर 5.3. पाच मीटर पुढे आलात तर चार मीटरच्या आत. आकडे पाठ करू नका, पण दोरी एकदा डोळ्यांनी पाहिली की प्रशिक्षक का ओरडतात ते कळतं.

मग सरळ पाच मीटर पुढेच का येऊ नये? एक तर डोक्यावरून चेंडू टाकता येतो. दुसरं, चेंडूच्या जितकं जवळ जाल तितका प्रतिक्रियेचा वेळ घटतो. तिसरं कारण सगळ्यात मोठं: पुढे येताना फटका बसला तर पाय हवेत असतात. म्हणून नियम असा धरा की चेंडू हलतोय तोवर तुम्ही हला, आणि फटक्यासाठी त्याचा पाय मागे जाताच जिथे असाल तिथे थांबा. दोन मीटरवर स्थिर उभा असलेला कीपर चार मीटरवर धावत असलेल्या कीपरपेक्षा बरा. थांबताना पाय खांद्याइतके फाकलेले, वजन चवड्यांवर, हात कमरेच्या उंचीवर शरीरापुढे. छोटी उसळी घ्यायची सवय असेल तर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. उंच उसळी घेणारे कीपर फटका सुटतो तेव्हा हवेत सापडतात.

बाजूने हल्ला आला की जवळच्या पोस्टकडे अर्धं पाऊल जास्त झुका. पोस्ट कुठे आहे हे मागे वळून पाहायचं नाही. पेनल्टीचा ठिपका, सहा यार्डांच्या चौकटीचे कोपरे आणि पेनल्टी क्षेत्राबाहेरची कमान या खुणा समोरच असतात.

प्रश्न: जमिनीलगतचे साधे चेंडू पायांमधून जातात. लाज वाटते.

चेंडूचा व्यास सुमारे 22 सेंटिमीटर. तुमचे पाय त्याहून जास्त फाकलेले असतात आणि तुम्ही कमरेतून वाकता, एवढंच. एक गुडघा आत वळवून दुसऱ्या पायाच्या टाचेजवळ टेकवा, मधली फट बुजेल. करंगळ्या जवळजवळ चिकटलेल्या, तळवे वर, चेंडू मनगटावरून छातीकडे येऊ द्या आणि शरीर पुढे झुकू द्या. चेंडू हातात येण्याआधी मान वर करून पास कुणाला द्यायचा ते पाहणं ही दुसरी चूक. ओलं गवत असेल तर चेंडू टप्पा खाऊन वेग घेतो, तिथे पकडायच्या मोहात न पडता शरीर मागे ठेवा.

प्रश्न: कॉर्नरला बाहेर यावं की रेषेवर थांबावं? दरवेळी अर्ध्यात अडकतो.

अर्ध्यात अडकण्याचं कारण बहुतेक वेळा लवकर निघणं हे असतं. चेंडू सुटताक्षणी दोन पावलं टाकली जातात, मग चेंडू वळतो आणि परतही जाता येत नाही. आधी चेंडू कुठे पडणार ते वाचा, मग निघा, आणि निघालात की पूर्ण वेगाने जा. उशिरा आणि वेगात निघालेलं चालतं, लवकर आणि हळू निघालेलं नाही.

उभं राहायची जागा साधारण गोलच्या मध्यावर, रेषेपासून अर्धा ते एक मीटर पुढे. शरीर कॉर्नरच्या झेंड्याकडे पूर्ण वळलेलं नको. मैदानाकडे उघडं हवं, म्हणजे चेंडू आणि गर्दी दोन्ही दिसतील. उडी एका पायावर, प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचा गुडघा वर. त्याने उंचीही मिळते आणि अंगाला संरक्षणही. चेंडू हात सरळ असताना, कपाळाच्या पुढे पकडा. डोक्यावर आल्यावर पकडायला गेलात तर तो मागे निसटतो.

गर्दीत पकड शक्य नसेल तर मुठीने मारा. (मैदानावर सगळे 'पंच कर' म्हणतात आणि नवख्या पालकांना वाटतं रेफरीला हाक मारताहेत.) दोन्ही मुठी जोडून, अंगठे बाहेर, चेंडूच्या मध्याखाली. आधी उंची, मग अंतर, मग बाजूची दिशा. समोर मध्यभागी मारलेला चेंडू थेट दुसऱ्या फटक्यासाठी पडतो. आणि बोला. येणार असाल तर 'कीपर!', येणार नसाल तर 'काढ!'. हाक चेंडू हवेत असतानाच द्या; पकडताना दिलेल्या हाकेचा बचावपटूला उपयोग नाही.

प्रश्न: नवे हातमोजे दोन महिन्यांत फाटतात.

वापरायच्या आधी कोमट पाण्यात एकदा धुतले होते का? कारखान्यातला थर त्याने निघतो आणि पकड वाढते. प्रत्येक वेळी मैदानात उतरताना तळवे किंचित ओले करा. कोरडं लेटेक्स घासून झडतं. नंतर सुमारे 30 अंशांच्या पाण्यात हाताने दाबून धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. ऊन आणि हीटर दोन्ही लेटेक्सला कडक करतात. ओले मोजे बॅगेत दाबून ठेवणं सगळ्यात वाईट. कृत्रिम गवतावर सरावासाठी जुनी जोडी ठेवा. मऊ लेटेक्स चांगलं पकडतं आणि लवकर झिजतं, हा सौदा आहे. माप घेताना मधल्या बोटाच्या टोकापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. उठताना मुठी जमिनीवर टेकवा, तळवे नव्हे. अर्धी झीज उठताना होते.

प्रश्न: पेनल्टीला अंदाजाने झेप घ्यावी की वाट पाहावी? नियम नेमका काय आहे?

नियम आधी. चेंडूला पाय लागेपर्यंत निदान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर, तिच्या सरळ वर किंवा तिच्या मागे हवा. 2019 पासूनचा हा नियम, रेषेच्या मागे पाय ठेवायची मुभा 2022 पासून. पोस्ट, क्रॉसबार किंवा जाळीला हात लावणं, फटका मारणाऱ्याचं लक्ष विचलित करणारे चाळे करणं आता चालत नाही. तुम्ही लवकर पुढे आलात आणि चेंडू अडवलात तर पेनल्टी पुन्हा होते. पहिल्यांदा ताकीद, पुढच्या वेळी पिवळं कार्ड.

आता वेळ. ताशी 100 किलोमीटरने मारलेला चेंडू 11 मीटर सुमारे 0.4 सेकंदांत येतो. कोपऱ्यात मारलेला असा चेंडू पाहून मग निघालात तर पोहोचणार नाही. म्हणजे फटक्याच्या किंचित आधी ठरवावं लागतं, पण डोळे मिटून नव्हे. टेकवलेल्या पायाचा अंगठा बऱ्याचदा दिशा सांगतो. कंबर किती उघडते तेही पाहा. हे शेवटच्या पावलाला दिसतं, त्यामुळे तोवर हलू नका. आधी हललात की चांगला खेळाडू थांबून दुसरीकडे मारतो. रेषेवर एक पाय ठेवून दुसऱ्या पायाने पुढे-तिरकं पाऊल टाकायचा सराव वेगळा करा. बहुतेक जण शेजारी, रेषेला समांतर पडतात आणि हात पोस्टच्या मागे जातो.

मध्ये थांबणं हा दुर्लक्षित पर्याय आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 286 पेनल्टींच्या अभ्यासात गोलरक्षक जेमतेम 6 टक्के वेळा मध्ये थांबले होते, आणि अडवण्याचं प्रमाण मात्र तिथेच सर्वाधिक होतं. उभं राहून गोल खाल्ला तर काहीच केलं नाही असं दिसतं, म्हणून कुणी थांबत नाही. अर्थात सगळेच थांबायला लागले तर फटके मारणारेही कोपरे धरतील. दहा-बारांतून एकदा वापरा.

प्रतिस्पर्ध्यांची माहिती असेल तर लिहून ठेवा. 2006 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध जर्मनीचा गोलरक्षक येन्स लेमनने पायमोज्यात खोचलेला कागद सगळ्यांनी पाहिला. पण नोंद एका ओळीची हवी: नाव, आवडती बाजू, थांबून मारतो की सरळ.

प्रश्न: चेंडू बोटाच्या टोकावर बसला. सूज उतरली, पण टोक खाली झुकलेलं राहतं. खेळत राहू का?

नको. टोक स्वतःहून सरळ होत नसेल तर वरचा स्नायुबंध तुटलेला किंवा हाडाचा तुकडा निघालेला असू शकतो. एक्स-रे काढून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही, पण सहा ते आठ आठवडे बोट सतत सरळ पट्टीत ठेवावं लागतं. धुताना मिनिटभर वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. साधी मुरगळ असेल तर बर्फ कापडात गुंडाळून 15 मिनिटं आणि परतल्यावर शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून खेळणं चालतं. बोटांत ताठ पट्ट्या (कणे) असलेले हातमोजे बोट मागे वळण्यापासून थोडे वाचवतात, टोकावरच्या माराला त्यांचा उपयोग नाही.

प्रश्न: गोलरक्षक मुख्य प्रशिक्षक होत नाहीत म्हणतात. मी आता 36 वर्षांचा आहे, पुढे काय करू?

होतात, पण कमी. गोलरक्षक दिनो झोफ 1982 मध्ये चाळिसाव्या वर्षी इटलीचा विश्वविजेता कर्णधार होता. प्रशिक्षक म्हणून त्याने 1990 मध्ये युव्हेंटसला यूएफा कप जिंकून दिला आणि 2000 च्या युरो स्पर्धेत इटलीला अंतिम फेरीत नेलं. 1993 चा चॅम्पियन्स लीग विजेता मार्सेय संघ रेमाँ गोथाल्सचा, तोही मूळचा गोलरक्षक. हुलेन लोपेतेगी, तोही गोलरक्षकच, प्रशिक्षक म्हणून 2020 मध्ये सेव्हियासोबत युरोपा लीग जिंकला.

अडचण ज्ञानाची नसते. अख्खा सामना समोर पाहणारा माणूस संघ समजत नाही, असं कसं होईल? अडचण अशी की गोलरक्षक सरावात वेगळ्या कोपऱ्यात असतो. मधल्या फळीतल्या खेळाडूला अंगावर दोन जण असताना काय दिसतं हे त्याने अनुभवलेलं नसतं, आणि क्लबही त्याला थेट 'गोलकीपिंग कोच' या खोलीत बसवतो. म्हणून फक्त गोलरक्षणाचा परवाना घेऊ नका. सर्वसाधारण प्रशिक्षकाचा पायरीपायरीचा परवानाही सोबत सुरू करा. खेळत असतानाच वयोगटाचा एखादा पूर्ण संघ एक मोसम सांभाळा. त्यात बचावाची रचना तुम्हाला सोपी जाईल, मैदानाच्या पुढच्या तिसऱ्या भागातल्या हालचाली शिकाव्या लागतील.

आणि एक वही आजच सुरू करा. मोसमात खाल्लेल्या प्रत्येक गोलची एक ओळ: चेंडू कुठून आला, तुम्ही रेषेपासून किती पुढे होता, फटका बसला त्या क्षणी पाय जमिनीवर होते की हवेत. चित्रफीत असेल तर पाय चेंडूला लागतो त्या क्षणी चित्र थांबवून पाहा, जाळं हलतं त्या क्षणी नव्हे. तीसेक गोल लिहून झाले की शेवटचा रकाना वरपासून खाली वाचा. पुढच्या मोसमाचा सराव त्यातूनच आखता येईल, तुमचाही आणि तुमच्या पोरांचाही.